विंग्रजीत बोललेलं धरत न्हाईत

मला विंग्रजीचा राग न्हवता, उगा खोटं कशाला बोलू. राग हुता धाकट्या जावेचा. तिला विंग्रजी येत हुती आन् मला येत न्हवती, इथवर मी गिळलं असतं. पन ती तिनं माझ्याच घरात बसून माझ्याच नवऱ्याला शिकवायची, मी ते मटकी निवडत ऐकायचं, आन् वर सगळ्यांनी म्हनायचं, बघा कशी गुनाची सून मिळाली. मंग जळू नको तर काय करू?

आमची वस्ती मिरजगावापास्नं कोसभर आत. एकाहत्तर सालची गोष्ट. मालकांनी तवा जर्सी गाय आनली हुती. आमच्या बाजूला तसली पैलीच. लोक सायकली मारत बघाया यायचे आन् दुधाची बादली बघून मान हलवत जायचे. मालकांचं नाव मी सांगत न्हाई. सकाळी उठून ज्याला पानी घालत्यात त्याच्यावरनं हाय, येवढ्यावर वळखा. आमच्यात बायकू नवऱ्याचं नाव घेत न्हाई. लग्नात घास देताना उखान्यात गुंडाळून घेतलं, तेवढंच. रेशनकार्डाला साहेबानं विचारलं तरी आमी पदर दातात धरून शेजारच्या बाईकडं बघायचो आन् ती सांगायची. तिची पाळी आली की आमी सांगायचो.

तर त्या गाईपायी मालकांचं नाव तालुक्याला पोचलं. डेन्मार्क म्हनून एक देश हाय. तिथली एक संस्था हिकडच्या शेतकऱ्यांना वरीसभर तिथल्या गोठ्यावर ठिवून घ्यायची आन् शिकवून परत धाडायची. एक दिवस इस्तार अधिकारी रंगनाथ साहेब फटफटीवर आले आन् म्हनले, "तुमचं नाव मी पुढं दिलंय. पावसाळा सरला की तिकडचं एक जोडपं घर बघायला येईल. तुम्हाला रोजचं साधं इंग्रजी तेवढं यायला पायजे. नमस्कार-चमत्कार, चहापाणी, गाय, दूध, भूक लागली, पोट दुखतंय. एवढं शिका, बाकी माझ्यावर सोडा."

मालक चौथी झालेले. शिकवनार कोन, म्हनल्यावर सगळ्यांची तोंडं सैपाकघराकडं वळली. आत माझी जाऊ पुष्पावती भाकरी थापत हुती. केडगावची पोरगी, मॅट्रिक झालेली, बाप कारकून. वरसापूर्वी माझ्या दिराला, गोरक्षनाथाला दिली. दीर नगरला ट्रकवर डायवर. आठवड्यानं यायचा, जेवायचा, झोपायचा आन् सकाळच्या गाडीनं परत. पोरगी दिसायला नाजूक, बोलायला मऊ. मी पैल्या दिवशीच म्हनले हुते, ही आपल्याला जड जानार.

पन शिकवायचं कसं? थोरल्या दिराम्होरं धाकटी सून उभीबी ऱ्हात न्हाई, बोलायचं तर लांबच. मंग माझ्या सासूबाईंनी, आमी त्यांना आत्याबाई म्हनतो, तोड काढली. मालक सोप्यात घोंगडीवर बसतील. पुष्पावती सैपाकघरात, दाराच्या आड. आन् मधी उंबऱ्यावर मी. तिनं मला सांगायचं, मी त्यांना सांगायचं.

दिवेलागनीला धारा उरकल्या की आमची शाळा भरायची. आतनं ती हळूच म्हनायची, "आय अॅम हंगरी." मी सोप्याकडं तोंड करून म्हनायची, "आय अॅम हंगरी." मालक म्हनायचे, "आय अॅम हंगरी." आन् मंग आमी दोघं मिळून म्हनायचो, मला भूक लागलीय. मला हसू यायचं. आमच्या मानसानं जल्मात 'पानी आन' याच्यापुढं एक शबूद जास्तीचा खर्चला न्हवता. आता मी तांब्या दिला की, "थँक्यू." भाकर पायजे असली की, "प्लीज." मला 'प्लीज' म्हनतो हा मानूस! आतनं कोन सांगतंय ते मी इसरूनच गेले. मला वाटायचं, आमीच दोघं बोलतोय. ते आठ-पंधरा दिवस मी लई सुखात काढले, ते मी कुनाला देनार न्हाई.

पन सुख मला कुठं सोसतंय. मालकच एक दिवस म्हनले, "मधी सांगनाऱ्याच्या तोंडात शबूद वाकडा हुतोय. सायेब उद्या हसंल."

मधी सांगनारा म्हंजी मी.

आत्याबाई जपमाळ ओढत बसल्या हुत्या. त्यांनी डोळं झाकूनच निवाडा दिला. म्हनाल्या, "पोरी, तू सरळ सांग त्याला. विंग्रजीत बोललेलं काय धरत न्हाईत. मराठीत मातुर एक अक्षर बोलायचं न्हाई."

आता ह्या न्यावाला काय म्हनायचं? मी आत्याबाईंकडं बघतच ऱ्हायले. मराठीत 'जेवा' म्हनलं तर पाप, आन् विंग्रजीत तासभर गप्पा मारल्या तर अब्यास! पन त्यांचा शबूद म्हंजी शबूद. दुसऱ्या दिवशी पुष्पावती दाराच्या आडनं निघून चौकटीपाशी बसली. डोईवर पदर, नजर भुईला, सगळं रीतीत. फकस्त तोंड मोकळं. आन् मी उंबऱ्यावर तशीच. आता माझं तिथं काय काम हुतं? काय न्हाई. पन मी उठले न्हाई. मटकी घेऊन बसायची. निवडून झाली की परत मिसळून निवडायची.

मंग सुरू झालं. "गुड इव्हनिंग." "गुड इव्हनिंग, मॅडम." मॅडम! जी पोरगी माझ्या हाताखाली भांडी घासत हुती ती मॅडम. मालक शाळंच्या आधी तोंड धुवाया लागले. मंग केसाला तेल. मंग ठेवनीतला सदरा. मी इचारलं, "कुठं निघालाय का?" तर म्हनले, "अब्यासाला जरा नीट बसावं मानसानं." इतकी वरसं माझ्याम्होरं बंडी घालून बसला, तवा नीट बसायचं सुचलं न्हाई.

एक दिवस तिनं इचारलं, "डू यू लाइक टी?" च्या आवडतो का, असं.

मालक म्हनले, "येस, आय लाइक टी." आन् मंग जरा थांबून, बोटं मोडत, शबूद जुळवत म्हनले, "आय डू नॉट लाइक स्वीट टी."

माझा मटकीवरचा हात थांबला. ह्या घरात लगीन होऊन आल्यापास्नं मी त्यांना गुळाचा गोडमिट्ट च्या देत आले. गूळ कमी पडला तर माझ्यातला त्यांना ओतला. हे मुकाट प्याले. आन् न आवडल्याचं सांगितलं कुनाला, तर तिला. तेबी विंग्रजीत. माझ्या नवऱ्याच्या जिभेची चव मला परक्या भाषेतनं कळावी? सकाळी च्यात मी गूळ दुप्पट टाकला. प्याले. बोलले न्हाईत. बोलायचं असतं तर सांजेला बोलले असते, मॅडमपाशी.

नात्यांचा धडा आला तवा तर हद्द झाली. मदर, फादर, ब्रदर, हजबंड, वाइफ. ती इचारायची, अमकं मानूस कुठं हाय, आन् ह्यांनी सांगायचं. "व्हेअर इज युवर मदर?" "माय मदर इज हिअर." बरोबर, आत्याबाई तिथंच हुत्या. "व्हेअर इज युवर वाइफ?" तर हे पाठ केल्यासारखं म्हनतात, "माय वाइफ इज इन द किचन." मी उंबऱ्यावर. हातभर लांब. माझा गुडघा त्यांच्या घोंगडीला लागत हुता. ती म्हनाली, "व्हेरी गुड."

पन ह्या सगळ्यावर कडी झाली ती निराळीच. एका सांजेला ती म्हनाली, "तिकडे गेल्यावर लोक नावाने बोलतात, अक्का, त्यांना सांगा, सवय व्हायला हवी." हे तिनं मराठीत, म्हनून मला सांगितलं. मंग त्यांच्याकडं वळली आन् विंग्रजीत म्हनाली, "गुड इव्हनिंग, मिस्टर..." आन् नाव घेतलं. सबंध. स्वच्छ, शाळंतल्यावानी. आन् हे हसले आन् म्हनले, "येस, मॅडम."

मी आत्याबाईंकडं बघितलं. थोरल्या दिराचं नाव तर धाकटीला दुप्पट वर्ज. पन त्यांची माळ चालूच. विंग्रजीत हुतं ना! मी ताट उचललं आन् परसात जाऊन मटकी कोंबड्यांना टाकली. सगळी. मला रडाया आलं, आन् रडाया आल्याचा आनखी राग आला. जे नाव मी मनातसुदीक अर्धंच घेत आले, ते तिच्या तोंडात रोज सांजेला चघळायला मिळत हुतं. माझं मानूस डेन्मार्काला जायचं अजून लांबच हुतं, पन माझ्या म्होरं बसल्या बसल्या ते आधीच चाललं हुतं. आन् मला भ्या वाटलं, खरंखुरं भ्या, की परत आलं तर ते माझ्याकडं येईल का नुसतं घरी येईल.

त्या दिवसापास्नं मी कान टवकारले. ती एक शबूद बोलली की मी तो उचलायची. भाकरी थापताना, धुनं आपटताना, शेन काढताना, मनातल्या मनात. काऊ, काफ, मिल्क, ग्रास. आय गो, यू गो, ही गोज. हॅपी, नॉट हॅपी. गाईम्होरं बोलून बघायची. ती बिचारी कान हलवायची, पन चुका काढत न्हवती. मला विंग्रजी पायजे हुती म्हनून न्हाई. त्या दोघांत एक शबूद माझ्या माघारी जायचा न्हाई म्हनून.

दसऱ्याच्या मागंपुढं ते जोडपं आलं. जीप वस्तीच्या वाटंवर तापली म्हनून रंगनाथ साहेब डायवरसंगं तिथंच पानी घालत ऱ्हायले आन् साहेब-मडम पायी चालत आमच्या दारात आले. साहेब उंच, लालबुंद. मडम साधी बाई, पायात चपला, केस पांढरे. तिला बघून मला बरं वाटलं. आमी सोपा सारवून ठेवला हुता. गोरक्षनाथाला रजा मिळाली न्हवती. मालक म्होरं झाले आन् म्हनले, "गुड मॉर्निंग. वेलकम. प्लीज सिट डाऊन." एकबी चूक न्हाई. मला अभिमान वाटला, आन् लगेच ध्यानात आलं की ह्यातला एक शबूदबी माझा न्हाई.

साहेब मालकांसंगं गाईकडं गेले. मडम सोप्यात बसली. आमच्यातलं विंग्रजी म्हंजी पुष्पावती, म्हनून आत्याबाईंनी तिला म्होरं केलं. ती बोलली. च्या देऊ का, दूध देऊ का, प्रवास कसा झाला. मडम खूश. मी मागं कपबशा घेऊन उभी. तेवढ्यात मालक आन् साहेब परत आले. मालकांना एक शबूद अडला, पुष्पावतीनं खालच्या नजरंनं पुरवला. मडमनं ते बघितलं. त्या दोघांकडं बघून गोड हसली. आन् पुष्पावतीचा हात हातात घेऊन म्हनाली, "युवर हजबंड विल गो फॉर वन इयर. आर यू हॅपी?"

तुझा नवरा वरीसभर जानार, तुला चालतंय ना? रंगनाथ साहेब आधीच बोलले हुते, बायकूला इचारल्याबिगर ते लोक कुनाला नेत न्हाईत. आन् इचारलं कुनाला, तर तिला.

पुष्पावतीच्या तोंडचं पानीच पळालं. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, एक पाऊल मागं सरकली, पन तोंडातनं शबूद फुटंना. मालकांनी काय करावं? नुसतं म्हनायचं हुतं, ही न्हाई, ती. पन आईम्होरं, चारचौघांत, ही माझी बायकू म्हनून दाखवायची आमच्यात रीत न्हाई. त्यांचं विंग्रजी तिथंच सरलं. भुईकडं बघत खांबावानी उभे. आत्याबाईंना काय झालं तेच कळलं न्हाई. मडम अजून हसतीय, वाट बघतीय. पुष्पावतीनं घाबरून मान हलवली, व्हय का न्हाई ते तिचं तिलाच ठाऊक. मडमनं ती 'व्हय' धरली आन् मालकांकडं वळली.

मी कपबशा खाली ठेवल्या. आपटल्याच म्हना. म्होरं गेले आन् म्हनले, "नो."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"शी इज नॉट वाइफ," मी म्हनले. "आय अॅम वाइफ."

मडम गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं, पुष्पावतीकडं बघितलं. माझ्या शेनानं पिवळ्या झालेल्या बोटांकडं बघितलं. मंग मऊ आवाजात, लेकराला इचारावं तसं इचारलं, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

पुष्पावती माझ्या कानाशी आली. रीतच हाय ना, एकीला नाव इचारलं की दुसरीनं सांगायचं. हळूच म्हनाली, "अक्का, तुम्ही थांबा. मी सांगते."

"तू न्हाई सांगायचं," मी म्हनले. "तू लई येळा घेतलंस."

आन् मी मडमकडं बघून घेतलं. "माय हजबंड नेम..." आन् सबंध नाव. बापाचं नाव, आडनाव धरून, शेवटच्या अक्षरापर्यंत. पदर दातात न्हाई, उखाना न्हाई, मान वर. आता तुमाला परत सांगायचं म्हनलं तर जमायचं न्हाई, ते विंग्रजीत हुतं.

आत्याबाईंची माळ थांबली. पन काय म्हननार? न्याव त्यांचाच हुता. मालक कानापर्यंत तांबडे झाले. जवान पोरासारखं कुठं बघावं तेच त्यांना कळंना.

मडमनं आता माझा हात धरला आन् तोच सवाल परत इचारला. तुला चालतंय का? सोपं हुतं, 'येस' म्हनायचं आन् मोकळं व्हायचं. पन मी इतकं शिकले ते काय खोटं बोलाया? म्हनले, "आय अॅम नॉट हॅपी. ही गो. ही लर्न. ही कम होम." जरा इचार केला आन् जोडलं, "ही नॉट लाइक स्वीट टी."

मडमचं डोळं भरून आलं. का ते मला ठाऊक न्हाई, मी काय येवढं बोलले न्हवते.

ते गेल्यावर पुष्पावती चुलीपाशी बसली हुती. मी गेले तर डोळं पुसत म्हनाली, "अक्का, तुम्हाला सगळं येत होतं?"

"मंग, मी तिथं मटकी निवडाया बसत हुते का?"

ती रडता रडता हसली. म्हनाली, "मी काही वावगं केलं नाही हो. ह्या घरात आल्यापासून मला कुणी दोन वाक्यं विचारलीच नाहीत. यांना झोपेतनं सवड नाही. तेवढी संध्याकाळची वेळ मला कुणीतरी ऐकत होतं."

मी तिच्याजवळ बसले. खरं हुतं तिचं, मला दिसत हुतं. पोरीनं काय चोरलं न्हवतं. तिची दया आली मला, पोटातनं आली. पन जळनं काय तेवढ्यानं इझत न्हाई. मी तिला म्हनले, "उद्यापास्नं मला शिकव. मी ऐकीन." आन् हेबी म्हनले, "त्यांची शाळा झाली आता."

महिन्यानं रंगनाथ साहेब सांगत आले, निवड झाली. वस्तीवर पेढे वाटले. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मालकांची ट्रंक भरत हुते. सदरे, लोकरीचं कपडे, मेथीचे लाडू, गोडा मसाला. हे खाटंवर बसून बिनगुळाचा च्या पीत हुते. आता तसाच करायची मी.

मी इचारलं, "त्या गोठ्यावर बायाबी हायत का?"

"आसतील की. तिकडं बायाच धारा काढत्यात म्हनं."

"तुमाला हाक काय मारतील?"

"नावानंच. तिकडं ल्हान-थोर सगळेच नावानं बोलवत्यात, रंगनाथ साहेब सांगत हुते."

माझ्या हातातला सदरा हातातच ऱ्हायला. एका जावेच्या तोंडातनं ते नाव सोडवायला मला सगळा पावसाळा लागला हुता. आता सबंध मुलूख ते घेनार. सकाळी घेनार, सांजेला घेनार, गोऱ्या गोऱ्या बाया बादल्या हातात घेऊन गोठाभर हाका मारनार, आन् हे त्यांना 'येस, मॅडम' म्हननार.

मी सदरा घडी करून ट्रंकेत दाबला, झाकन लावलं आन् वर बसले.

"त्यांना आडनाव सांगायचं," मी म्हनले. "गांगर्डे. म्हनू द्या त्यांना दिवसभर गांगर्डे, जीभ वळली तर. नाव हितंच ठिवून जावा."

मालकांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, अगदी नीट बघितलं, आन् मराठीत म्हनले, "बरं."